प्रति: साखरेऐवजी गूळ कितीही चालतो?

वर कुणीतरी म्हटलंय, साखर सोडून गूळ धरला की मधुमेहाची भीती नाही. कोल्हापूरकर असूनही सांगतो, तसं नाही. आमच्या गुळाला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, गुऱ्हाळावरच्या ताज्या काकवीला तर तोडच नाही. पण गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच असते. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं, तर साखरेची मर्यादा आधीच ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये ती सांगितली आहे : दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५. म्हणजे २००० कॅलरींना ५० किंवा २५ ग्रॅम. मध, फळांचा रसही त्यातच (उसाचा रस आलाच की!). सुक्रोजमधलं निम्मं फ्रुक्टोज (फळांतली साखर), ते मुख्यतः यकृतात जातं. रोज अती झालं की तिथं चरबी साठते, दारूचा थेंब न घेणाऱ्याच्याही.