कामाचा मोबाइल आणि घरातले समाधान : मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार.

मी पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. विभागाचा व्हॉट्सअॅप गट सुरू झाला तेव्हा पाळी बदलताना होणारे निरोपांचे घोटाळे थांबले आणि मला मनापासून बरे वाटले. परंतु आता रात्री साडेदहालाही त्यावर विचारणा होते आणि दोन निळ्या खुणा उमटल्या की उत्तर न देणे हा उद्धटपणा ठरतो. परवा जेवताना ताटाशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला, तशी माझी सात वर्षांची मुलगी शाळेतली गंमत सांगता सांगता थांबली आणि मी उत्तर पाठवेपर्यंत वरणभातावरचे तूप थिजून गेले. ती गंमत तिने पुढे सांगितलीच नाही.

घरातला मोठा टीव्ही, गाडी, सारे हप्त्यांवर आले आहे. हप्ते चालू असल्यामुळे वरिष्ठांना नाही म्हणण्याचे धाडस होत नाही, ही माझी खरी अडचण आहे.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्यापैकी कोणी वरिष्ठांशी बोलून अशी मर्यादा ठरवून घेतली आहे का? विषय लेखी मांडला की तोंडी, आणि रात्री यंत्र बंद पडल्यास कोणती वेगळी सोय केली? एखादी वस्तू विकून कर्ज मुदतीपूर्वी फेडले असल्यास घरच्यांना ते कसे पटवले, हेही कृपया सविस्तर कळवावे.