जेमीटर: ६०० थ्रेडवर 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस', सर्व्हर मात्र निवांत

प्रश्न
निकालाच्या पोर्टलची लोड टेस्ट करतेय. जेमीटर (लोड टेस्टचं साधन) ५.६.३, उबंटूचं एकच मशीन, पोर्टलला समोर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि मागे जँगो (पायथनची वेब चौकट). ३०० थ्रेडपर्यंत (एक थ्रेड म्हणजे एक नकली वापरकर्ता) सगळं सुरळीत. ६०० केले की पाऊण मिनिट नीट चालतं, मग नुसता एररचा पाऊस: नोरूटटूहोस्टएक्सेप्शन, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. सर्व्हरचा सीपीयू तिशीतही नाही आणि एनजिनएक्सच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूस नाही. कीप-अलाइव्हवर (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) टिक आहे. प्रत्येक फेरीला नवा विद्यार्थी हवा म्हणून 'सेम युजर ऑन ईच इटरेशन' काढलंय. एक फेरी साधारण सेकंदाची. आता कुठे बघू?

उत्तर
सर्व्हरकडे बघूच नका, रिक्वेस्ट तुमच्या मशीनमधून बाहेरच पडत नाहीये. 'सेम युजर' काढलं की जेमीटर दर फेरीला कनेक्शन तोडून नवं उघडतो, मग कीप-अलाइव्ह फक्त त्या फेरीपुरतं उरतं. कनेक्शन आपल्या बाजूने तुटलं की त्याचा पोर्ट (मशीनवरचा त्या कनेक्शनचा क्रमांक) लिनक्सवर ६० सेकंद टाइम-वेटमध्ये, म्हणजे सक्तीच्या प्रतीक्षेत, अडकतो. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी डिफॉल्ट पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. सेकंदाला ६०० कनेक्शनं धरली तर ४७ सेकंदांत संपले. तुमचं पाऊण मिनिट ते हेच. ३०० ला मिनिटाभरात १८,०००च लागतात, म्हणून तिथे निभावतं. टेस्ट चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर एसएस कमांडने टाइम-वेटची संख्या बघत राहा, अठ्ठावीस हजारांजवळ जाऊन अडेल.

आणखी एक उत्तर
मग 'सेम युजर'वर परत टिक करा, एरर जातील.

पहिलं उत्तर देणारा
एरर जातील हे खरं, पण कृपया तसं करू नका. निकालाच्या दिवशी प्रत्येक मूल आपापल्या मोबाइलवरून नवं कनेक्शन घेऊन येतं, प्रत्येकाचा टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवातीची बोलणी) वेगळा. तो भार टेस्टमधून काढला तर रिपोर्ट देखणा येईल आणि एनजिनएक्सची खरी परीक्षा थेट निकालाच्या दुपारी होईल. मुलांच्या वाट्याला ते येऊ नये म्हणूनच तर ही टेस्ट आहे.

पोर्टची रेंज १०२४० ते ६५५३५ करा, सेकंदाला ९२० च्या आसपास नवी कनेक्शनं झेपतील. त्यापुढे जायचं तर मशीनला दुसरा आयपी द्या. पोर्टची मर्यादा आयपीच्या जोडीमागे असते. एचटीटीपी रिक्वेस्टच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये सोर्स ॲड्रेसचा रकाना आहे, त्यात सीएसव्हीतून आलटूनपालटून आयपी भरता येतात. दुसरं मशीन मिळत असेल तर त्याहून बरं. आणि खरी टेस्ट जीयूआयमधून नको, कमांड लाइनवरूनच चालवा.

प्रश्न विचारणारी
रेंज वाढवली, ६०० बिनबोभाट चालले! पण आता दिसतंय की निकालाच्या पोस्ट रिक्वेस्टला सरसकट ४०३ (परवानगी नाकारली) येतोय. सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) सीएसएस सिलेक्टर एक्स्ट्रॅक्टरने काढतेय, कुकी मॅनेजरही आहे.

पहिलं उत्तर देणारा
साइट एचटीटीपीएसवर असेल तर जँगो टोकनसोबत रेफरर हेडरही (आधीच्या पानाचा पत्ता) तपासतं. ब्राउझर तो आपणहून पाठवतो, जेमीटर पाठवत नाही. त्या पोस्टखाली हेडर मॅनेजर टाकून फॉर्मच्या पानाचा पूर्ण पत्ता रेफरर म्हणून द्या.

बैठक क्रमांक ग्रूव्ही स्क्रिप्टने तयार करत असाल तर एक सांभाळा: जेएसआर२२३ (जेमीटरमध्ये स्क्रिप्ट चालवणारा घटक) च्या स्क्रिप्टमध्ये डॉलर-महिरपी कंसातलं व्हेरिएबल थेट लिहू नका, 'व्हार्स डॉट गेट'ने घ्या. कंपाइल झालेली स्क्रिप्ट कॅशमध्ये राहते आणि पहिल्याच मुलाचा क्रमांक सगळ्यांना जाऊ शकतो. मग जँगो कॅशमधून झटपट उत्तरं देईल आणि डेटाबेसवर भार येणारच नाही.

प्रश्न विचारणारी
रेफररच होता, २०० (यशस्वी) येऊ लागले. ग्रूव्हीची स्क्रिप्ट आत्ता उघडते, आमच्यात डॉलरवालंच आहे.