मदत हवी आहे: मोर्शीहून मुंबईची क्रूझ, बंदरावर किती वाजता पोहोचावं?

आईबाबांच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं झाली. आईनं अजून समुद्र पाहिला नाही, म्हणून मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट काढलं. जहाज शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटतं. आमची चेक-इनची वेळ दुपारी एक ते अडीच, साडेतीनला काउंटर बंद.

गुरुवारी रात्री बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली तर सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी. हिशोबानं भरपूर वेळ उरतो. पण मागे बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना गाडी साडेसहा तास लेट झाली होती, ते मनातून जात नाही. बुधवारीच निघावं तर कापूस वेचणीचे दिवस आहेत. मजूर आज मिळाला तर उद्या मिळत नाही, दोन म्हशीही शेजाऱ्यांवर सोडायच्या. एक दिवस वाचवू की नको? आणि लवकर पोहोचलोच तर सरळ बंदरावर जाऊन बसलेलं चालतं का?

प्रतिसाद:
भाऊ, बुधवारीच निघा. जहाज कोणासाठी थांबत नाही. प्रवाशांची यादी आधी बंद करून द्यावी लागते, जहाज बंदरातून बाहेर काढणाऱ्या वाटाड्याची, म्हणजे पायलटची, वेळ ठरलेली असते. शिवाय सुरक्षा ड्रिल आहे, म्हणजे संकटात काय करायचं याचा प्रवाशांचा सराव. २०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम बदलला, २०१५पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते.

पण शुक्रवारी सकाळीच बंदरावर जाऊ नका. जहाज त्याच सकाळी परत आलेलं असलं तर आधीचे प्रवासी उतरतात, केबिनी साफ होतात, तोवर म्हाताऱ्या माणसांना नुसतं ताटकळावं लागतं. सीएसएमटीला रिटायरिंग रूम मिळते, पीएनआरवर आधीच बुक करा. तिथून बॅलार्ड पियर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. एकला पोहोचा, अडीचची वाट पाहू नका.

मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून घेतात आणि केबिनवर यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून बीपीच्या गोळ्या, मूळ आधार कार्ड, एक स्वेटर खांद्याच्या पिशवीत ठेवा. बाबा सुपारी खात असतील तर अडकित्ता घरीच ठेवा, बॅगा स्कॅन होतात. डब्याचं कंपनीला विचारून घ्या, बाहेरचं खाणं बहुतेक जहाजांवर चालत नाही.

धागाकर्ता:
मोठी मदत झाली. वेचणीचं काकांशी बोललो, दोन दिवस ते वावरात उभे राहतात म्हणाले. बुधवारचं तिकीट काढतो. आई विचारते, जहाज सुटताना बाहेर उभं राहता येतं का?

प्रतिसाद:
येतं की. ड्रिल आटोपली की वरच्या डेकवर उजव्या बाजूला काकूंना आधीच उभं करा. जहाज दक्षिणेकडे निघालं की गेटवे ऑफ इंडिया आणि ताज त्याच बाजूला दिसतात.