शेवाळ ऑक्सिजन देतं, मग मासे का मरतात?

वर कुणीतरी विचारलंय, शेवाळ ऑक्सिजन सोडतं तर हिरव्या तळ्यातले मासे गुदमरतात कसे? दिवसा सोडतं, खरंय. पण रात्री तेच श्वसनासाठी ऑक्सिजन ओढतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात ते साधारण तेव्हाच. खरा घात शेवाळ मेल्यावर होतो: ते तळाशी बसतं आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात.

सांडपाण्याचा मार दुहेरी. त्यातली घाण स्वतः कुजताना ऑक्सिजन खाते, शिवाय शेवाळाला खतासारखा पोसणारा फॉस्फरस येतो तो वेगळाच. (सांडपाण्यावर साधी शुद्धीकरण प्रक्रिया केल्यानंतरही तो बराचसा पाण्यात राहतो, हे कुणी सांगत नाही.) कॅनडात १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन-नायट्रोजन आणि दुसरीकडे त्यांच्या जोडीला फॉस्फरस टाकला. हिरवीगार झाली ती दुसरी बाजू.

आणि सांडपाणी थांबवलं की तळं लगेच सुधारेल, असंही नाही. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात साठलेला फॉस्फरस परत पाण्यात सुटतो. उथळ तळी त्यामुळे पुढे कित्येक वर्षं हिरवीच राहू शकतात.