पुण्यात कांदा-लसूण मसाला उतरवायचाय, एमआरपी ९९ की १२०?

तिखटजाळ:
कोल्हापुरात आमचं २०० ग्रॅमचं पाकीट १०० रुपये एमआरपीने जातं. तिथे थेट दुकानात माल देतो, दुकानदाराला ७८ ला पडतं. आता पुण्यात कोथरूड, सिंहगड रोड, हडपसर इथल्या किराणा दुकानांत शिरायचंय. पाउचसकट खर्च पाकिटामागे ५८ रुपये. वितरक ८ टक्के मागतोय, दुकानदार २० टक्के, वर दहावर एक फुकट. घरात दोन मतं आहेत: ९९ ने उतरून आधी जागा धरायची आणि सहा महिन्यांनी भाव वाढवायचा, किंवा पहिल्यापासून १२०. जाणकारांनी सांगावं.

उलटहिशोब:
खर्चावर नफा चढवत वर जाऊ नका, एमआरपीवरून खाली उतरत या.

१२० मधून दुकानदाराचे २० टक्के गेले की ९६. वितरकाचे ८ टक्के गेले की ८८.३२. यात ५ टक्के जीएसटी आहे, तो काढला की ८४.११. दहावर एक म्हणजे अकरा पाकिटं देऊन दहाचे पैसे, म्हणून ७६.४७. परत येणारा माल २ टक्के धरा, गाडीभाडं पाकिटामागे २ रुपये. हातात साधारण ७२.९४. खर्च ५८ वजा जाता १५ रुपये उरतात.

हेच ९९ ला करून बघा: ७९.२०, ७२.८६, ६९.३९, ६३.०८, शेवटी ५९.८२. उरले १ रुपया ८२ पैसे. एका सेल्समनचा पगार-पेट्रोल मिळून महिना २२,००० धरला, तर १२० ला तो दीड हजार पाकिटांत सुटतो. ९९ ला बारा हजार विकावी लागतील, तीही नवीन बाजारात.

आणि दुकानदार ‘वीस टक्के’ म्हणतो ते एमआरपीवर की खरेदीवर, हे आधी विचारून घ्या. खरेदीवर असेल तर त्याला पाकीट १०० ला पडतं, ९६ ला नाही. पाकिटामागे चार रुपयांचा फरक निव्वळ बोलण्यातल्या गोंधळात जातो.

स्वस्तात घुसायचं म्हटलं की सगळे निरमाचं नाव घेतात. पण निरमाचा मुळात बनवायचाच खर्च कमी होता: हाताने मिसळलेली पावडर, विजेचं यंत्र नाही, त्यामुळे अबकारी करातही सूट. तुमच्या खर्चात असं काय कमी आहे? नसेल तर ९९ म्हणजे पदरचे पैसे वाटणं.

गुलटेकडीकर:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण १२० ला एक भोक आहे. कोल्हापुरात हेच पाकीट ७८ ला मिळतंय आणि पुण्याचा दुकानदार ९६ देणार. महिन्याभरात कुणीतरी होलसेलवाला कोल्हापूरहून पेट्या उचलून पुण्यात ८६ ने टाकेल. तुमचा वितरक माल परत करेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. शिवाय एकाच पाकिटावर दोन गावांत दोन एमआरपी छापणं वैधमापनाच्या (वजन-मापं आणि पाकिटावरच्या छपाईच्या) नियमांत अडकू शकतं.

उपाय वजनात आहे. पुण्यासाठी २०० ग्रॅम ठेवूच नका; १०० ग्रॅम ६० ला आणि २५० ग्रॅम १४५ ला काढा. बॅच नंबरात भागाचं अक्षर घाला, म्हणजे कुठल्या गावचा माल कुठे निघाला ते कळतं. मात्र प्रतिग्रॅम किंमत छापावी लागतेच (६० पैसे, ५८ पैसे). गिऱ्हाईक सहसा बघत नाही, दुकानदार बघतो. आणि १०० ग्रॅमला पाउचचा खर्च अर्धा होत नाही, तेवढा हिशोब नव्याने मांडा.

तिखटजाळ:
वजनाचं पटलं. काही दुकानदार ४५ दिवस उधारी मागतायत, देऊ का?

उलटहिशोब:
९६ रुपये ४५ दिवस अडकले तर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज १.४२. रोखीला २ टक्के सोडले तर १.९२ जातात. कागदावर उधारी स्वस्त दिसते, पण शंभरात एक दुकान बुडालं की गणित फिरलं. रोखीवालेच धरा.

खलबत्ता:
स्कीमबद्दल, म्हणजे ते दहावर एक फुकट. दर महिन्याला तीच दिली की दुकानदार स्कीमलाच माल भरतो आणि मधे हात लावत नाही. पहिल्या बिलाला दहावर एक, दुसऱ्याला वीसवर एक, तिसऱ्याला बंद. फुकटचं पाकीट त्याच बिलात दाखवा; वेगळं नमुना म्हणून दिलंत तर त्यावरचं इनपुट क्रेडिट (कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. चाळीस दुकानांत माल टाका आणि स्कीम नसताना कितींनी पुन्हा मागवला तेवढंच मोजा. पहिली ऑर्डर मोजूच नका, ती सगळे देतात.

वर परत येणारा माल २ टक्के धरलाय तो या मसाल्याला कमी आहे. यात खोबरं आणि तीळ असतात. पाकीट उन्हात शोकेसमध्ये लटकलं की खवट होतं. पारदर्शक पाउच टाळा, आतून ॲल्युमिनियमचा थर असलेला घ्या. पाकिटामागे रुपया-दीड रुपया वाढला तरी चालेल.

आणि मार्च ते मे मध्ये उतरू नका. पुण्यातल्या सांगली-कोल्हापूरच्या घरांत तेव्हा गावाकडून वर्षाची चटणी, म्हणजे हाच घरचा मसाला, डब्यात भरून येते, त्या डब्याशी कुठलीच एमआरपी झुंजू शकत नाही. डबा तळाला लागतो दिवाळीच्या आसपास. सप्टेंबरात माल दुकानात हवा.