रेस केली की स्पीकरमधून शिट्टी: दोन हजारांत बंद होईल का?

सासवडकर: नमस्कार मंडळी. गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक. दिवाळीत नवा स्टिरिओ आणि डिक्कीत फोर चॅनल ॲम्प (चार स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) बसवून घेतला. इंजिन बंद असताना आवाज एकदम स्वच्छ. गाडी चालू केली की बारीक 'कूंऽऽ', आणि रेस वाढवावी तशी शिट्टी चढत जाते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तेवढीच. बसवणारा म्हणतो, "ॲम्प लावला की एवढं येतंच." गणपतीला देवगडला जायचंय, तेवढा वेळ हे ऐकवणार नाही. बजेट 2,000. काय करावं?

बासबहाद्दर: दोन हजारांत काही होत नाही, आधीच सांगतो. मी डीएसपीवाला (आवाज डिजिटल पद्धतीने सुधारणारा) ॲम्प घेतला 28,000 ला, वर शुद्ध तांब्याची केबल. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. एकदाच पैसे घाला आणि मोकळे व्हा.

मधुकाका: स्पार्क प्लग बदला. रेझिस्टरवाले प्लग टाका. आमच्या प्रीमियर पद्मिनीत मीडियम वेव्हवर विविध भारती लावली की नुसती खरखर. इग्निशन कॉइलला कंडेन्सर लावला आणि गाणी ऐकू यायला लागली. तो खर्च आजही दोन हजारांच्या आतच आहे.

डिझेलवाला: काका, माझ्या डिझेलला स्पार्क प्लगच नाहीत, तरी हीच शिट्टी होती. स्पार्कचा आवाज टिकटिक येतो, आणि तोही बहुतेक रेडिओवर. रेसबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याची.

मधुकाका: मी रेडिओबद्दलच बोलतोय. आणि तेव्हा डायनॅमो होता, त्याचाही आवाज यायचा.

डिझेलवाला: पण त्यांनी रेडिओबद्दल विचारलेलंच नाही!

निपाणीकर: बॅटरी बदला. माझी बॅटरी बदलल्यावर सगळे आवाज गेले.

तारजोड: सासवडकर, तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार कामाची आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही शिट्टी तेवढीच, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतेय. स्टिरिओची अर्थ वायर (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनस) डॅशबोर्डमागे, ॲम्पची डिक्कीत. गाडी चालू असताना या दोन जागांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक पडतो, आणि आरसीए केबलच्या (स्टिरिओतून ॲम्पला आवाज नेणाऱ्या) बाहेरच्या जाळीतून त्याचा करंट वाहतो. तीच शिट्टी.

काही विकत घेण्याआधी एवढं करा. सिस्टम बंद करून ॲम्पच्या आरसीए काढा आणि मग गाडी चालू करा. तरीही शिट्टी असेल तर ॲम्पचा पॉवर, अर्थ किंवा पुढचं स्पीकरचं वायरिंग बघा. गेली, तर सिस्टम पुन्हा बंद करून चार्जिंगला न लावलेला मोबाइल केबलने थेट ॲम्पला जोडा. त्यावर गाणं स्वच्छ वाजलं तर ॲम्प ठणठणीत आहे, दोष अर्थ किंवा आरसीए यांच्यात.

ॲम्पचा अर्थ कुठे कसलाय तेही बघा. बरेच जण सीटबेल्टच्या बोल्टला कसतात, ते मला अजिबात पटत नाही. तो बोल्ट जीव वाचवायला आहे, आणि खाली रंग असला तर संपर्कही धड होत नाही. वेगळी जागा घ्या, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, वायर दीड फुटाच्या आत ठेवा आणि पॉवरच्या वायरइतकीच जाड घ्या. काम करताना बॅटरीची मायनस काढा. मागच्या सीटखाली ड्रिल मारू नका, तिथे पेट्रोलची टाकी असते.

चिंचवडचा_चालक: अर्थिंग चेक करा, दुसरं काही नसतं.

तारजोड: तेच वर लिहिलंय.

बासबहाद्दर: ॲम्पवरचा गेन पण कमी करा. तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो. लोक गेनला व्हॉल्यूम समजून फुल्ल पिळतात आणि मग केबलला दोष देतात. आणि पॉवरची वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने न्या.

कुडाळी_माणूस: अल्टरनेटरचा डायोड गेला असला तरी असं होतं. मल्टीमीटर एसी रेंजवर ठेवून बॅटरीवर लावा, इंजिन, हेडलाइट आणि एअर कंडिशनर चालू ठेवा. अर्धा व्होल्ट दिसला तर ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. मात्र आधी इंजिन बंद ठेवून बघा. स्वस्त मीटर तेव्हाही 25-30 व्होल्ट दाखवतो, कारण तो डीसीलाच फसतो. तसला मीटर या कामाला चालत नाही.

सासवडकर: सगळं करून बघितलं. आरसीए काढल्या की शिट्टी गायब, मोबाइलवर गाणं स्वच्छ. अर्थ खरंच सीटबेल्टच्या बोल्टला होता. तो हलवून पत्रा घासून कसला, शिट्टी निम्मी झाली. गेन उतरवल्यावर आणखी खाली आली, पण घाटात रेस केली की अजून कळते.

तारजोड: छान. आता डॅशबोर्ड उघडून स्टिरिओला वेगळा अर्थ द्या. तिथल्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. त्याने भागलं नाही तर आरसीए बदला. ग्राउंड लूप आयसोलेटर (आरसीएच्या मध्ये लावून दोन्हीकडचे अर्थ वेगळे ठेवणारी डबी) शक्यतो नको. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातल्यांत खालचा बास खाल्ला जातो.

बासबहाद्दर: आयसोलेटर म्हणजे दुखणं झाकणं. नकोच.

डिझेलवाला: नकोच. माझ्या गाडीतला सबवूफर (खोल बासचा स्पीकर) त्याने मुका झाला होता.

सासवडकर: सर्वांचे आभार, पण मी आयसोलेटरच घेतला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून, 350 ला. माझ्याकडे सबवूफर नाही, आणि दरवाजातले स्पीकर फाटू नयेत म्हणून ॲम्पवर 80 हर्ट्झच्या खालचा बास आधीच कापलाय. जो बास जाईल तो मी वाजवतच नव्हतो. शिवाय वायपरपासून सगळं नीट चालत असताना पावसाळ्यात डॅशबोर्ड उघडायची माझी तयारी नाही. काल कात्रजचा घाट चढून आलो, शिट्टी नाही.

तारजोड: सबवूफर नाही हे आधी सांगितलं असतंत तर मीही नाही म्हटलं नसतं. पुढे सबवूफर लावलात तर मात्र आयसोलेटर काढा आणि स्टिरिओच्या अर्थचं काम करून घ्या.

मधुकाका: आणि प्लग?