केमो संपली, आता डिटॉक्स करावं का? सल्ला हवा आहे

उन्हातली_सावली:
नमस्कार. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर समजून घ्या. स्तनाचा कर्करोग होता. आधी ऑपरेशन, मग सोळा केमो (चार लाल औषधाच्या, बारा दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलच्या), मग रेडिएशन. शेवटची केमो होऊन तीन महिने झाले. टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, आता तीन महिन्यांनी या.

इतके महिने कुणी ना कुणी रक्त तपासत होतं, वजन बघत होतं. आता एकदम कुणीच नाही. आणि मला तर ठीक वाटत नाही. दुपार झाली की अंग इतकं जड होतं की उठून दार उघडायचंही जिवावर येतं. बोटांची टोकं बधिर आहेत, शर्टाचं बटण डोळ्यांनी बघून लावावं लागतं, बोटांना ते कळतच नाही. शब्द ऐनवेळी आठवत नाहीत.

घरच्यांचं म्हणणं, केमोचं विष अंगात साठलंय, ते बाहेर काढ. नणंदेने एका केंद्राची 21 दिवसांची योजना पाठवलीय. पहिले दहा दिवस फक्त रस, रोज कॉफीचा एनिमा, सलाईनमधून ग्लुटाथिओन आणि क जीवनसत्त्व, वर तीन प्रकारच्या गोळ्या. कुणी केलंय का? डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही, एका वाक्यात उडवून लावतील असं वाटतं.

नदीकाठ:
सावलीताई, मी केलंय, म्हणून आधी लिहिते. करू नका.

माझी केमो संपून पाच वर्षं झाली. तेव्हा मीही अशाच एका केंद्रात गेले होते. फक्त रस आणि एनिमा. सातव्या दिवशी पोटऱ्यांत गोळे यायला लागले, आठव्या दिवशी छातीत ठोका चुकल्यासारखं व्हायला लागलं. केंद्रात विचारलं तर उत्तर मिळालं, "विष बाहेर पडतंय, त्याचीच ही लक्षणं." मी विश्वास ठेवला आणि आणखी एक दिवस काढला. शेवटी भावाने उचलून दवाखान्यात नेलं. पोटॅशियम खूप खाली गेलं होतं. दोन दिवस मॉनिटर लावून ठेवलं.

मला राग एनिमाचा नाही, त्या वाक्याचा आहे. बरं वाटलं तर उपचाराचा गुण, बिघडलं तर विष बाहेर पडतंय! म्हणजे थांबायचं कधी, हे पेशंटला कळायची सोयच नाही. आणि केमोत आधीच गेलेला स्नायू त्या दिवसांत आणखी गेला. तो भरून यायला माझं जवळजवळ वर्ष गेलं.

खलबत्ता:
मी कर्करोगाच्या वॉर्डातली औषधं तयार करते, त्यामुळे 'विष साठलंय' या वाक्यावर जरा सविस्तर लिहिते.

ताई, लाल औषध दिल्यावर लघवी लालसर झाली होती ना? आणि दोनेक दिवसांत पुन्हा नेहमीसारखी? तो निचरा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात. बहुतेक केमो औषधं यकृत मोडतं आणि ती लघवीतून किंवा पित्तावाटे शौचातून निघून जातात. पॅक्लिटॅक्सेल मुख्यतः या दुसऱ्या वाटेने जातं. केमोनंतर 48 तास संडास झाकण लावून फ्लश करा, उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घाला असं नर्स सांगतात, ते यासाठीच. औषधाचा बहुतेक भाग त्या दोन-तीन दिवसांत बाहेर पडत असतो. तीन महिन्यांनी रसाने धुवून काढण्यासारखं काही मागे नसतं.

मग त्रास कशाचा? पुराचं पाणी ओसरलंय, पण भिंती पडल्यात, तसं आहे हे. पॅक्लिटॅक्सेलने सगळ्यात लांब मज्जातंतूंची टोकं दुखावतात, म्हणून बधिरपणा बोटांत आणि तळपायांत येतो. ती भरून येतात, पण महिन्यांच्या हिशेबाने, आणि काहींच्या बाबतीत पूर्ण भरून येत नाहीत. इथे काही बाहेर काढायचं नाहीये, पुन्हा बांधायचं आहे. आणि बांधकाम चालू असताना उपास करायचा नसतो. या काळात दर किलो वजनामागे रोज 1 ग्रॅमच्या वर, जमलं तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रथिनं पोटात जायला हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

आता त्या तीन गोळ्या. डब्यांवरची बारीक अक्षरं वाचा. ग्रीन टीचा अर्क, हळदीचा अर्क, अश्वगंधा यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. पेयातला चहा वेगळा आणि गोळीत दाबून भरलेला अर्क वेगळा. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती असेल तर नकोच, ते यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावतं, आणि तुमची टॅमॉक्सिफेन चालू आहे. 'नसांचं टॉनिक' म्हणून एसिटिल-एल-कार्निटिन सर्रास देतात. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेलच्याच गटातली केमो घेणाऱ्या बायकांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2013 साली आले. बधिरपणा कमी व्हायचा सोडून वाढला होता! चांगल्या हेतूने दिलेली गोष्टही उलटते, म्हणून मी नाव बघून सांगते.

सलाईनमधून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस जी-6-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडतात, मूत्रपिंडालाही जड जातात. ती तपासणी न करता कुणी सुई लावत असेल तर तिथून उठून या.

वाचक_एक:
खलबत्ता, प्रतिसाद आवडला. पण एनिमा, एन्झाइम वगैरेंवर कुणी रीतसर अभ्यासच केला नाही म्हणून ते बदनाम आहे, असंही ऐकलंय.

खलबत्ता:
झालाय. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाचक एन्झाइम, विशिष्ट आहार आणि कॉफीचे एनिमा असा कार्यक्रम एका गटाला, केमो दुसऱ्या गटाला. निकाल 2010 मध्ये छापून आला. केमोच्या गटातलं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) 14 महिने, कार्यक्रमाच्या गटातलं 4.3 महिने. कुणी कुठला उपचार घ्यायचा हे रुग्णांनीच निवडलं होतं, त्यामुळे फरकाचा नेमका आकडा धरून बसू नका. पण इतक्या मोठ्या तफावतीनंतर 'अभ्यासच नाही' असं म्हणता येत नाही.

पाऊल_पाऊल:
मी फिजिओथेरपिस्ट, बरीचशी पेशंट कर्करोगातून उठलेलीच असतात. वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण ताईंच्या हातात काहीतरी द्यायलाही हवं. नुसतं 'नको नको' ऐकून माणूस पुन्हा त्या केंद्राकडेच जातो.

थकव्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय व्यायाम आहे. थकलेल्या माणसाला हे सांगताना मला दरवेळी अवघड जातं, पण आहे ते असं आहे. आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतपत चालणं, दोनदा स्नायूंचे व्यायाम. हे गाठायचं ठिकाण आहे, सुरुवात नव्हे. सुरुवात सात-आठ मिनिटांची. दुसऱ्या दिवशी अंथरुण धरावं लागलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढाच अर्थ.

योग, ताई ची आणि चि गोंग हे संथ चिनी व्यायाम, सजगतेचा सराव, विचार-वर्तन उपचार, हे सगळं थकव्यासाठीच्या 2024 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायामाच्या जोडीला आहे. एकात्मिक उपचार म्हणजे खरं तर हेच, मुख्य उपचारांच्या हातात हात घालून चालणारं. हार्मोनच्या काही गोळ्यांनी सांधे धरतात, त्याला ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो. तुमची गोळी त्या गटातली नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. आणि 2025 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरची एक चाचणी आली. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी 80.3 टक्के लोक पाच वर्षांनी आजारमुक्त होते, फक्त माहितीपत्रक दिलेल्यांपैकी 73.9 टक्के. माझ्या पेशंटना मी हा आकडा कागदावर लिहून देते.

मात्र आधी थकव्याचं कारण शोधा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व. लाल औषध हृदयाला लागू शकतं, म्हणून चालताना धाप किंवा पायांना सूज असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झोप कशी आहे? सारखं रडू येतं का? तेही सांगायचं असतं.

बधिरपणा नुसता असेल तर गोळी फार काही करत नाही, दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिन देतात. पण ते टॅमॉक्सिफेनच्या कामात थोडं आड येऊ शकतं, त्यामुळे कर्करोगाचे डॉक्टर आणि ही गोळी देणारे, दोघांनाही माहीत असू द्या. गरम भांडं बधिर बोटांनी धरू नका, अनवाणी चालू नका.

नदीकाठ:
आणि ताई, डॉक्टरांना विचाराच. मी विचारलं नव्हतं. कागदावर लिहून न्या, डब्याही सोबत न्या.

उन्हातली_सावली:
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

गेले. कागद आणि तिन्ही डब्या घेऊन. डॉक्टर रागावले नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून एकेक डबी वाचत बसले. एकीत एसिटिल-एल-कार्निटिन होतंच. खलबत्ता, तुमची खूप आठवण आली. तिन्ही बाजूला ठेवल्या. हिमोग्लोबिन 9.6 निघालं, लोहही कमी. त्यावर उपचार सुरू झालेत. माझा सगळा थकवा मी विषाच्या खात्यावर टाकून बसले होते.

नणंदेला नकार देणं जड गेलं. ती काळजीपोटीच धडपडत होती. तिला म्हटलं, रोज संध्याकाळी माझ्यासोबत चालायला ये. येते. आठ मिनिटांपासून सुरुवात केली, काल चौदा झाली.

पाऊल_पाऊल, एक विचारायचं होतं. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने वजन उचलू नका असं तेव्हा सांगितलं होतं. मग स्नायूंचे व्यायाम कसे करू? हात सुजला तर?

पाऊल_पाऊल:
हा जुना सल्ला अजून सगळीकडे देतात. 2009 मध्ये हाताला सूज असलेल्या बायकांवरच चाचणी झाली. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलं तर सूज वाढत नाही असं दिसलं, उलट सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले. पण पहिल्या दिवसाआधी थेरपिस्टकडून दोन्ही हातांची मापं टेपने घेऊन लिहून ठेवा, मनगटापासून खांद्यापर्यंत ठरावीक अंतरावर. पुढे तुलना त्याच आकड्यांशी करायची. आत्ता सूज नसेल तर हातावर दाब देणारी बाही लागत नाही, असेल तर मापाने शिवलेली घालूनच व्यायाम. सुरुवातीला अर्धी भरलेली पाण्याची बाटली पुरे, आणि दर वेळी वाढ अगदी थोडी. हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी रुतायला लागली, तर थांबून दाखवून घ्या.

उन्हातली_सावली:
मंगळवारची वेळ घेतलीय. मापं घेऊन आले की इथेच लिहिते.